लाल पेनाची खूण

माझी फसवणूक माझ्याच घरात, माझ्याच नळाच्या पाण्याने आणि माझ्याच विषयात झाली. इतर लोक फसतात ते निदान परक्या विषयात फसतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर एकदा मधमाश्या पाळण्याच्या योजनेत फसले होते. त्यांना मधमाश्यांतलं काही कळत नाही, त्यामुळे त्यात त्यांचा काही कमीपणा नव्हता. मी मात्र सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो आहे, आणि ज्या प्रयोगाने मला गंडवलं तो प्रयोग मी दरवर्षी सहामाही परीक्षेच्या आधी नववीच्या वर्गात स्वतःच्या हाताने करून दाखवतो. फळ्यावर आकृतीसुद्धा काढतो.

सुरुवात किटलीपासून झाली.

"अहो, किटलीच्या तळाला हे पांढरं काय जमलंय?" बायकोने विचारलं.

मी म्हणालो, "क्षार." आणि क्षार म्हणजे काय, ते पाण्यात कुठून येतात, पाणी उकळलं की खाली का बसतात, हे मी तिला वीस मिनिटं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. म्हणजे ती शांतपणे भांडी पुसत होती. शेवटी ती म्हणाली, "बरं, मग ते जायला काय आणायचं तेवढं सांगा."

आता मी अभ्यास केल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घेत नाही. दरवर्षी शाळेत 'सजग ग्राहक' या विषयावर माझं भाषण असतं. पक्की पावती घ्या आणि ती दोन्ही बाजूंनी वाचा, दारावर आलेल्या विक्रेत्याकडून काही घेऊ नका, सवलतीला भुलू नका, घाईत सही करू नका, आणि वस्तू चालवून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, असं मी मुलांना सांगतो. मुलं जांभया देतात, मुख्याध्यापक घड्याळ बघतात, पण मी सांगतो. हे पाचही नियम मी एका दुपारी, एकाच खुर्चीवर बसून, तासाभरात मोडले. उठायचीसुद्धा गरज पडली नाही.

त्याआधी मी दीड महिना एका वहीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा तक्ता केला होता. अकरा रकाने होते. वही उघडी दिसली की येणारा-जाणारा सल्ला देई. ऑडिटर म्हणाले, "तीन कोटेशनं घेतल्याशिवाय हलू नका." मेहुण्याने फोनवर सांगितलं, "दाजी, तुम्ही कशाला डोकं लावता, ओळखीतून निम्म्यात आणतो." मेहुण्याच्या ओळखीतून निम्म्यात आलेली शिडी आमच्याकडे आहे. तिला खरोखरच निम्म्याच पायऱ्या आहेत. समोरच्या दारातल्या काकू म्हणाल्या, "सर, पाणी चांगलं उकळा, गाळा आणि प्या. आयुष्यभर तेच केलं मी." काकूंचा सल्ला फुकट होता आणि बरोबर होता, त्यामुळे तो कोणी मनावर घेतला नाही. पुढे तर तो काकूंनीही घेतला नाही, पण ते माझ्यामुळे.

मी बाराव्या रकान्याच्या विचारात असताना दारावरची बेल वाजली.

दारात एक नीटनेटका तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, टाय, हातात काळी बॅग. त्याने आधी दारावरची पाटी वाचली. पाटीवर नावापुढे माझ्या दोन्ही पदव्या आहेत. "सर," तो म्हणाला, "विज्ञानाचे शिक्षक? मग मी निघतो. तुमच्यासारख्यांना मी काय सांगणार?"

आणि तो खरंच वळला. मी त्याला परत बोलावलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे तक्रार अर्जात 'विक्रेता घरात कसा शिरला' असा एक रकाना होता आणि मला तिथे 'आग्रहाने बोलावल्यामुळे' असं लिहावं लागलं.

आत येऊन त्याने दोन काचेचे पेले मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी घेतलं. दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं ओतलं, "हे आमच्या यंत्रातून आलेलं." मग बॅगेतून एक जाडसर झाकण काढलं, त्याला खाली लोखंडाच्या चार कांड्या. दोन कांड्या एका पेल्यात बुडवल्या, दोन दुसऱ्यात, आणि वायर भिंतीत खोचली. आम्ही बघत राहिलो. आमच्या नळाचं पाणी आधी पिवळट झालं, मग तांबूस, मग तपकिरी. दोन मिनिटांत त्यात चिखलासारखे कण तरंगायला लागले. त्याचं पाणी जसंच्या तसं नितळ.

बायकोने तोंडावर हात नेला. "हे आपण पितो?"

विक्रेत्याने यावर काही म्हणजे काहीच सांगितलं नाही, हे त्याचं कौशल्य. तो माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, "सर, मी कोण बोलणारा? तुम्हीच सांगा वहिनींना, हे काय आहे?"

वाचकहो, माझी परिस्थिती समजून घ्या. शाळेत मी प्रश्न विचारतो आणि कोणी उत्तर देत नाही. घरी मी उत्तरं देतो आणि कोणी विचारलेलं नसतं. अशा माणसाला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हात जोडून प्रश्न विचारत होतं. मी चष्मा वर केला, पेला उजेडात धरला आणि म्हणालो, "लोहयुक्त गाळ."

"लोहयुक्त गाळ!" तो म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं. माझं वाक्य आजवर कोणी न सांगता लिहून घेतलं नव्हतं.

पाण्यात विजेचा प्रवाह सोडला की लोखंडाची कांडी झिजते, तिचंच लोखंड पाण्यात उतरतं आणि पाणी तांबूस होतं. नववीच्या पेपरात हा दोन गुणांचा प्रश्न असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते. बाटलीतल्या क्षार नसलेल्या पाण्यातून ती वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. गाळ पाण्यात नव्हताच, कांडीत होता. हे मला माहीत होतं. फक्त त्या दुपारी ते आठवण्याइतकी माझी स्तुती थांबली नव्हती.

मग त्याने एक कागद पुढे केला. कंपनीचं नाव, शिक्का आणि खाली छापलेला 'ग्राहकाचा अभिप्राय': हे पाणी शुद्ध करणारे यंत्र मी पाहिले असून वगैरे. भाषा भयंकर होती. आता सव्वीस वर्षांत माझ्या हातात कागद आला आणि खुणेशिवाय परत गेला, असं झालेलं नाही. वाण्याच्या यादीवरसुद्धा मी खूण करतो. खिशातलं लाल पेन कधी बाहेर आलं मला कळलं नाही. मी तीन वाक्यं दुरुस्त केली, समासात 'लोहयुक्त गाळ: निरीक्षण योग्य' असं लिहिलं, खाली बरोबरची भली मोठी खूण केली आणि सवयीने लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.' त्याखाली सही, तारीख आणि दोन्ही पदव्या.

त्या तरुणाने कागद दोन्ही हातांनी उचलला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत ठेवला. मी मनात म्हटलं, संस्कार आहेत. वर त्याने मला 'शिक्षक सन्मान सवलत' दिली. मी पूर्ण पैसे मोजले. पावतीही घेतली, पण ती वाचली नाही. तिच्यात वरवर एकही चूक दिसत नव्हती, त्यामुळे माझं पेन तिच्याकडे वळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पांढरी पेटी बसली. तिच्यावर एक निळा दिवा. दिवा लागला की पाणी शुद्ध, असं सोपं होतं. पाणी गोड लागायला लागलं, असं मी पहिल्याच घोटाला जाहीर केलं. पाहुण्यांना मी चहाच्या आधी दिवा दाखवत असे. बायको अधूनमधून म्हणायची, "किटलीत पांढरं जमतंच आहे हो." मी तिला म्हणायचो, "ते जुनं असेल."

महिन्याभराने नववीच्या वर्गात तो धडा आला. पेल्यात पाणी, पाण्यात दोन खिळे, खिळ्यांना वायर. पाणी तांबूस व्हायला लागलं. शेवटच्या बाकावरची, एरवी खिडकीबाहेर बघणारी मुलगी उभी राहिली. "सर, हा रंग पाण्यातला की खिळ्यातला?"

हा प्रश्न मी सव्वीस वर्षं परीक्षेत विचारत आलो आहे.  "खिळ्यातला," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला आमच्या घरातला तो तपकिरी पेला आठवला. मग वर्ग पंधरा मिनिटं आधी सोडला. शाळेच्या इतिहासात मी असं कधी केलेलं नाही. मुलांना वाटलं कोणीतरी गेलं.

घरी आलो, यंत्राचं पाणी पेल्यात घेतलं, शाळेतून आणलेले खिळे बुडवले आणि वायर जोडली. दोन मिनिटांत तपकिरी. मग मी पेटीचे चार स्क्रू काढले. आत एक नळी येत होती आणि तीच नळी बाहेर जात होती. मध्ये भांडी घासायच्या स्पंजाचा एक तुकडा होता, आणि एका बाजूला दिव्याची वायर. त्या अख्ख्या यंत्रात प्रामाणिकपणे आपलं काम करणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे निळा दिवा.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने स्पंज बघितला, खिळे बघितले, मला बघितलं. "म्हणजे किटलीतलं पांढरं नवीनच होतं," ती म्हणाली. एवढंच. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर माणूस फार बोलत नाही.

"हे बघ," मी म्हणालो, "कोणाला सांगू नकोस."

शिकलेला माणूस फसला की पहिलं काम करतो ते गप्प बसण्याचं. पोलिसात जात नाही, तक्रार करत नाही, शेजाऱ्याला सावध करत नाही. फसवणाऱ्यांचा निम्मा धंदा आपल्या या खानदानी शांततेवर चालतो. मीही ठरवलं, पेटीचे स्क्रू पुन्हा बसवायचे, दिवा चालू ठेवायचा आणि पाणी गुपचूप उकळून प्यायचं. ही व्यवस्था दोन दिवस उत्तम चालली.

तिसऱ्या दिवशी जिन्यात काकूंनी गाठलं. काकू एकट्या राहतात. त्यांची मुलगी आगगाडीने दोन दिवसांच्या अंतरावर असते आणि दीड महिन्याने तिचं बाळंतपण होतं. पहिलंच. काकू वर्षभर बिस्किटांच्या डब्यात तिकिटाचे पैसे साठवत होत्या, हे साऱ्या इमारतीला माहीत होतं.

"सर, जरा आत या. तुमच्यासारखंच बसवलं बघा मी."

स्वयंपाकघरात पांढरी पेटी होती. निळा दिवा होता. आणि पेटीशेजारी भिंतीला चिकटवलेला एक कागद होता. माझा कागद. रंगीत प्रत काढलेली, त्यामुळे लाल शाई अगदी खुलून दिसत होती. तपासले. बरोबर आहे.

"मी घेणार नव्हते हो," काकू म्हणाल्या. "पण मुलगी सुट्टीत बाळाला घेऊन येईल, तेव्हा त्याला असलं पाणी पाजायचं का? तुम्हीच लिहिलंय ना, लोहयुक्त गाळ. सरांनी तपासलंय म्हटल्यावर मी दुसरं काही विचारलंच नाही."

"आणि तिकीट?"

काकू ओटा पुसायला लागल्या. "मुलीला कळवलं, गुडघे फार दुखतात, इतका प्रवास झेपायचा नाही. रागावली जरा. होईल शांत."

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "दिवा छान लागतो," आणि बाहेर पडलो. आयुष्यात मी पुष्कळ फालतू वाक्यं बोललो असेन, पण ह्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचे पैसे गेले तर जाऊ देत. काकूंचे आणून द्या." तेवढ्यात ऑडिटर आले. त्यांच्याकडेही एक पेटी आहे, आणि इमारतीत एकूण नऊ, असं कळलं. "तीन कोटेशनं घेणार होतो," ते म्हणाले, "पण तुमची खूण बघितली आणि म्हटलं, कशाला." त्यांना मी पेटी उघडून दाखवली. ते स्पंजाकडे बघत राहिले. मधमाश्यांनंतर त्यांना हे जडच गेलं.

मग आम्ही कामाला लागलो. विक्रेत्याचा फोन लागत नव्हता. पावतीवरचा पत्ता तेवढा वाचून गेलो, तर तिथे शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "पाण्याचं यंत्र ना? आज तुम्ही चौथे." शेवटी मी नऊ घरांच्या पावत्या गोळा करून ग्राहक तक्रार कार्यालयात गेलो. तिथे खिडकी क्रमांक दोनवर जायला खिडकी क्रमांक पाचची चिठ्ठी लागत होती आणि पाच नंबर दुपारी तीनला उघडत होती. साडेतीनला मी दोन नंबरवरच्या बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी गठ्ठ्यातली माझी पावती वर घेतली आणि मोठ्याने वाचली.

"'भिंतीवर लावायचा शोभेचा निळा दिवा, पेटीसह. एक नग.' दिवा लागतो का?"

"लागतो."

"मग तक्रार काय आहे?"

माझ्यामागे रांगेत अकरा माणसं होती. ती सगळी पुढे सरकली. मी पावती हातात घेतली. खरंच तसं छापलेलं होतं, स्वच्छ, ठळक अक्षरात. मागच्या बाजूला आणखी एक ओळ होती: सन्मान सवलतीत दिलेला माल परत घेतला जाणार नाही. ही दुसरी ओळ इमारतीत फक्त माझ्याच पावतीवर होती. सन्मान मला एकट्यालाच मिळाला होता.

"सगळ्यांच्या पावत्यांवर दिवाच आहे," बाई म्हणाल्या. "पाण्याचं यंत्र म्हणून विकलं याचा काही लेखी पुरावा?"

 मी काकूंच्या भिंतीवरून काढून आणलेली रंगीत प्रत खिशातून काढून खिडकीतून आत सरकवली. "या प्रतीची आणि पावतीची झेरॉक्स काढायची आहे," असं काकूंना सांगून दोन्ही आणली होती, खरं कारण अजून सांगितलं नव्हतं.

बाईंनी ती नीट वाचली. त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "अहो, हे उत्तम आहे! कंपनीचं नाव, शिक्का आणि छापील अक्षरात 'पाणी शुद्ध करणारे यंत्र'. नऊ घरांत मिळून कामाचा कागद एवढाच. फक्त खाली हे कोणी लाल शाईत लिहून ठेवलंय?"

"मी."

"मग ते चूक आहे असं लिहून द्या. तुमच्या सहीने. नाहीतर उद्या ते म्हणतील, शिक्षकाने तपासून बरोबर ठरवलंय."

मी बाकावर बसून निवेदन लिहिलं. 'सदर प्रात्यक्षिकाच्या निरीक्षणात अंशतः अनवधान घडून आल्याने निष्कर्षात काहीसे विचलन संभवले...' बाईंनी ते वाचलं, टेबलावरचं पेन उचललं आणि सगळ्यावर आडवी रेघ मारली. पेन लाल होतं.

"सोपं लिहा. मी फसलो. दोन शब्द."

"पण त्यातली शास्त्रीय पार्श्वभूमी..."

"व्यवसायाचा रकाना आहे ना खाली. तिथे येईलच ती."

मी लिहिलं, मी फसलो. व्यवसाय: शिक्षक, विज्ञान. मागच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि सुस्कारा सोडला. बाईंनी शिक्का मारून एक नोटीस माझ्या हातात दिली. "ही विक्रेत्याला पोचवायची. माणूस शोधा आणि त्याच्या हातात द्या. साक्षीदार घेऊन जा."

माणूस ऑडिटरांनी शोधला. शेजारच्या इमारतीच्या फाटकावर चिकटवलेली जाहिरात त्यांना दिसली: रविवारी सकाळी दहा वाजता सभागृहात पाण्याचं मोफत प्रात्यक्षिक. त्याखाली ठळक अक्षरात, 'ज्येष्ठ विज्ञान शिक्षकांनी तपासलेले'. 'ज्येष्ठ' हे कंपनीने स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

रविवारी मी, बायको आणि नोटीस घेतलेले ऑडिटर निघालो. काकूही आल्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं माझा सत्कार आहे.

सभागृहात पन्नासेक माणसं होती. पुढे दाराएवढी मोठी करून लावलेली माझी खूण होती. माझ्या अक्षरातला 'त' एका माणसाच्या डोक्याएवढा दिसत होता. विक्रेत्याने मला पाहिलं मात्र, त्याचा चेहरा फुलला. "अहो, साक्षात सर आले! ज्यांची ही सही, ते हेच सर!"

टाळ्या झाल्या. पन्नास माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, दोन सेकंद मला बरं वाटलं. मनात आलं, हात जोडावेत, मागे जाऊन बसावं, नोटीस पोस्टाने पाठवावी. मग मी पहिल्या रांगेत बघितलं. सगळ्यात जोरात टाळ्या काकू वाजवत होत्या.

पेले मांडले गेले. कांड्या बुडल्या. नळाचं पाणी तपकिरी झालं, लोकांनी 'अरे बापरे' केलं. विक्रेता अदबीने माझ्याकडे वळला. "सर, तुम्हीच सांगा, हे काय आहे?"

"कांडी," मी म्हणालो.

"काय सर?"

"कांडीचं लोखंड आहे हे. पाण्यातलं नाही." मी पुढे गेलो, खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्याच्या नितळ पाण्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं. "मीठ घरचं आहे. आम्ही रोज खातो. बघा आता."

काहीच झालं नाही. अर्धं मिनिट गेलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. विक्रेता हसायला लागला. सव्वीस वर्षांत इतके प्रयोग केले, पण पाण्याची अशी मनधरणी मी कधी केली नव्हती. मग पेल्याच्या तळाशी पिवळी रेघ उमटली. पाणी तांबूस झालं, तपकिरी झालं, आणि बघता बघता नळाच्या पाण्याहून काळं झालं.

 मी मोठ्या केलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "ती सही माझी आहे. ती चूक आहे. हा प्रयोग मी दरवर्षी शिकवतो, तरी मी फसलो. माझ्यावर विश्वास ठेवून आमच्या इमारतीत आठ घरं फसली. या यंत्रात एक स्पंज आणि एक दिवा आहे. घेण्याआधी उघडून बघा. पावती वाचा. आणि माझ्यासारख्या कोणाची सही दाखवली तर आधी त्याला जाऊन विचारा."

मागून एक आवाज आला, "सर फसले, मग आपलं काय घेऊन बसलात!" लोक हसले. विक्रेता कांड्या गोळा करायला लागला, पण ऑडिटर दारात उभे होते. नोटीस तीन प्रतींत होती आणि तिन्हींवर पोच मिळाल्याशिवाय ते आयुष्यात कुठून हललेले नाहीत. विक्रेत्याने मालकाला फोन लावला. मालकाने आधी ओरडून, मग हळू, मग फारच गोड आवाजात सांगितलं की प्रकरण वाढवू नका. लेखी तक्रार, पावती आणि माझं निवेदन असं सगळं एकत्र असल्यामुळे पंधरा दिवसांत पैसे परत आले. आठ घरांना आले. मला नाही आले, कारण माझा सन्मान झालेला होता. माझी सुनावणी आठ महिन्यांनी आहे. दिवा तेवढा चालू आहे.

त्या रविवारी परत येताना काकू माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. जिन्यात दार लावून घेतलं. पुढे दोन आठवडे त्या दिसल्या की मीच मान खाली घालायचो. शाळेत मुलांनी गोष्ट केव्हाच ऐकली होती आणि माझ्या तासाला आता कोणी जांभई देत नव्हतं, पण त्याचा आनंद मला घेता येत नव्हता.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू. हातात आगगाडीचं तिकीट.

"परवाची गाडी आहे," त्या म्हणाल्या. "मुलीला सांगितलं, गुडघे एकदम बरे झाले. तेवढं हे तपासून द्या. बरोबर आहे ना?"

"काकू, मी? अहो, माझ्या तपासण्याने काय झालं ते बघितलंत ना?"

"बघितलं की. पन्नास माणसांसमोर चूक कबूल केलीत तेही बघितलं." त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. "तुमची खूण असली की मला प्रवासात धीर येतो. घ्या, वाचा."

मी वाचलं. नाव, वय, तारीख, वार, डबा, बाक. मग उलटून मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या सगळ्या अटी वाचल्या. चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. स्टेशनवर फोन करून गाडी त्या दिवशी खरंच धावते ना, हेही विचारलं. यात पाऊण तास गेला. काकूंचा दुसरा चहा झाला. सगळं बरोबर होतं.

बायकोने न सांगता लाल पेन आणून समोर ठेवलं. मी ते बाजूला सारलं, दप्तरातून पेन्सिल काढली, आणि तिकिटाच्या कोपऱ्यात बरोबरची एक लहानशी खूण केली.